रक्तस्राव, वनौषधी आणि विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त जयगड येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी रक्तस्रावासारखा विषय का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. ज्या विकाराविषयी घरात मोकळेपणाने बोलले जात नाही, तोच विकार पुष्कळदा उशिरा उघडकीस येतो. शौचावाटे रक्त जाणे ही गोष्ट माणूस पत्नीलाही सांगत नाही. सुनेने सासूला सांगण्याचा तर प्रश्नच येत नाही. कोणी धीर करून सांगितलेच, तर उत्तर ठरलेले असते : "मूळव्याध असेल, उष्णता वाढली असेल, नागकेसर लोण्यातून घे." हे उत्तर कधी बरोबर असते, कधी चूक. ते चूक ठरते तेव्हा हातची वेळ निघून गेलेली असते. जयगडहून रत्नागिरीचे मोठे रुग्णालय चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. त्यात पावसाळ्याची रात्र असेल, तर हे अंतर किती वाढते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून या विषयात काय जाणावे, काय करावे आणि काय टाळावे, याचा विचार एकत्र बसून करणे मला अगत्याचे वाटते.

प्राचीन वैद्यकाची दृष्टी

आयुर्वेदाने अन्नमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावाला एकच नाव दिलेले नाही, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पित्ताने दूषित झालेले रक्त शरीराबाहेर पडू लागले की ते रक्तपित्त. मूळव्याधीतून पडणारे रक्त म्हणजे रक्तार्श. आव आणि जुलाब यांबरोबर रक्त पडू लागले की तो रक्तातिसार. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात या विकारांचा विचार वेगवेगळ्या अध्यायांत केलेला आहे आणि उपचारही वेगळे सांगितलेले आहेत. रक्त दिसले की एकच मुळी उगाळून द्यावी, ही प्रथा घरोघरी पडली असेल. शास्त्राची शिकवण तशी नाही.

रक्तपित्ताचेही चरकाचार्यांनी मार्गानुसार भेद केले आहेत. तोंड, नाक अशा वरच्या मार्गाने जाणारे ते ऊर्ध्वग, खालच्या मार्गाने जाणारे ते अधोग आणि दोन्ही मार्गांनी जाणारे ते उभयग. यांतील पहिले साध्य, दुसरे याप्य म्हणजे बरे न होता केवळ आटोक्यात राहणारे, आणि तिसरे असाध्य, असा निवाडा त्यांनी दिला. दोन हजार वर्षांपूर्वी हाताशी कोणतेही यंत्र नसताना वैद्य रोग्याजवळ बसून "हे माझ्या आवाक्यातले आहे, हे नाही" असे स्पष्ट सांगत होता. आज आयुर्वेदाच्या नावाने "कोणताही रक्तस्राव खात्रीने बंद" अशी जाहिरात कोणी केली, तर ती चरकाचार्यांच्या या प्रांजळपणाशी विसंगत आहे असेच म्हणावे लागेल.

त्यांच्या निरीक्षणाचे आणखी एक उदाहरण देतो. पित्तप्रधान रक्तपित्तात पडणाऱ्या रक्ताचा रंग सांगताना त्यांनी घरातील काजळी आणि अंजन यांच्या उपमा वापरल्या आहेत. रक्त काजळीसारखे काळे कसे असेल, असे आपल्याला वाटते. परंतु आजचे वैद्यक नेमके हेच सांगते. जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभी रक्तस्राव झाला, तर आम्ल व पाचक रस यांच्या संयोगाने त्या रक्ताचे रूप पालटते आणि मळ डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा होतो. त्यासाठी पन्नास ते शंभर मिलीलिटर रक्तसुद्धा पुरते. म्हणजे लाल रक्तापेक्षा काळा मळ अधिक चिंतेचा असू शकतो, आणि आपण मात्र लाल रंगालाच घाबरतो. लोहाच्या गोळ्या घेतल्यानेही मळ काळा होतो, हे येथेच सांगून ठेवतो. मात्र तो डांबरासारखा चिकट आणि तसा दुर्गंधीयुक्त नसतो.

सिद्धिस्थानात तर एक परीक्षाच दिली आहे. बाहेर पडलेले रक्त पांढऱ्या वस्त्राला लावून वाळवावे आणि कोमट पाण्याने धुवावे. डाग राहिला तर ते पित्तदूषित रक्त, वस्त्र स्वच्छ झाले तर ते शुद्ध, म्हणजे जीवाचे रक्त. आज आपण या परीक्षेवर विसंबून राहणार नाही. पण आधी परीक्षा आणि मग औषध, हा जो क्रम तिच्यामागे आहे, तो आजही तितकाच खरा आहे. माझ्या आजच्या सांगण्याचे सारही तेवढेच आहे. रक्त थांबवणे ही एक गोष्ट आणि रक्त का जाते हे शोधणे ही दुसरी. दुसरी टाळून पहिली साधत नाही.

कल्याणकारकाचा वारसा

आपल्यापैकी अनेकांना आयुर्वेद म्हणजे चरक, सुश्रुत आणि वाग्भट एवढेच माहीत असते. जैन परंपरेत चौदा पूर्वांपैकी प्राणावाय हे बारावे पूर्व वैद्यकाशी संबंधित मानले जाते. त्या परंपरेतील उपलब्ध असलेला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक'. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादन करून हिंदी अनुवादासह तो १९४० साली आपल्या महाराष्ट्रातील सोलापूर येथून प्रकाशात आणला. मांस, मद्य आणि मध यांचा आश्रय न घेता चिकित्सा सांगणे हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे. त्याच्या अखेरीस असलेल्या हिताहित अध्यायात औषध म्हणून मांस आवश्यक नाही, याचे विवेचन आहे.

याचा आजच्या विषयाशी काय संबंध? आपल्या घरातील वृद्ध मंडळी कधी कधी म्हणतात, "औषधात मध आहे, आसव आहे, म्हणून मी घेत नाही," आणि उपचार तेथेच थांबतो. उग्रादित्याचार्यांनी अकराशे वर्षांपूर्वी दाखवून दिले की नियम सांभाळूनही चिकित्सा करता येते. म्हणून उपचार सोडू नये. नियमात बसणारा पर्याय वैद्यांकडे मागावा. कुटजारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेने मद्यार्क आपोआप निर्माण होतो, आणि त्याचा उल्लेख बाटलीच्या वेष्टनावर असतो. ज्यांना ते नको असेल, त्यांच्यासाठी त्याच कुड्याची घनवटी किंवा काढा उपलब्ध असतो. मधाऐवजी खडीसाखर चालेल का, हे वैद्यांना विचारण्यात संकोच कसला?

वनस्पती आणि विज्ञानाची कसोटी

आता मुख्य विषयाकडे वळतो. रक्त थांबवणाऱ्या म्हणून सांगितलेल्या वनस्पतींपैकी कोणत्या वनस्पती विज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरल्या? माझ्या मते त्यांचे तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग, माणसांवर तुलनात्मक चाचणी होऊन ज्यांचा उपयोग दिसला त्यांचा. यात सर्वांत साधे औषध इसबगोल. हे नाव फारसी आहे आणि औषध युनानी वैद्यकाच्या मार्गाने आपल्याकडे रूढ झाले. उत्तर गुजरातेत त्याचे मोठे पीक निघते, हे आपल्यातील व्यापारी बंधूंना सांगावयास नको. मूळव्याधीच्या रोग्यांना इसबगोलासारखे तंतुमय पदार्थ देऊन केलेल्या सात चाचण्यांचा, एकूण ३७८ रोग्यांचा, एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्त पडण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे आढळले. कारण सोपे आहे. मळ मऊ झाला, कुंथणे थांबले, की सुजलेल्या शिरांवरचा ताण कमी होतो. मात्र इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा लागतो. कमी पाण्यात तो आतड्यात अडकू शकतो. म्हणून चौविहार करणाऱ्यांनी तो सूर्यास्ताच्या बराच आधी, पुरेसे पाणी पिऊन घ्यावा, आणि निर्जळ उपवासाच्या दिवशी घेऊच नये.

दुसरी हळद. मोठ्या आतड्याला व्रण पडून रक्तमिश्रित शौच होणारा 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' नावाचा चिवट विकार आहे. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हा विकार शांत असलेल्या ८९ रोग्यांना नेहमीच्या औषधांसोबत सहा महिने एकतर हळदीतील कर्क्युमिन, रोज दोन ग्रॅम, किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. कर्क्युमिन घेणाऱ्यांत विकार उलटण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, तर दुसऱ्या गटात सुमारे २० टक्के. येथे दोन शब्द अधोरेखित करतो. 'सोबत', म्हणजे औषध बंद करून नव्हे; आणि 'कर्क्युमिन', म्हणजे दुधात घातलेली चमचाभर हळद नव्हे. हळदीत कर्क्युमिनचा अंश शेकड्याला थोडाच असतो.

तिसरे ज्येष्ठमध. १९४० च्या दशकात हॉलंडमधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाच्या अर्काचा उपयोग होतो असे नोंदवले. त्यातूनच पुढे इंग्लंडमध्ये कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकातील चाचण्यांत त्याने जठराचे व्रण भरून येतात असे दिसले. आपल्या आजीच्या बटव्यातील मुळी जगाच्या औषधशास्त्रात मानाने गेली, याचा आनंद जरूर मानावा. पण कथेचा उत्तरार्धही ऐकावा. या औषधाने शरीरात मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, असे आढळले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि ते मागे पडले. म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असणाऱ्यांनी ज्येष्ठमध दिवसेंदिवस चघळू नये.

दुसरा वर्ग अर्धी वाट चाललेल्या वनस्पतींचा. आपल्या कोकणच्या डोंगरउतारांवर वाढणारा पांढरा कुडा, म्हणजेच कुटज, यात येतो. कफ, पित्त आणि रक्त यांचा संग्रह करणाऱ्या, म्हणजे त्यांना बांधून ठेवणाऱ्या द्रव्यांत कुड्याच्या सालीला चरकाचार्यांनी अग्रस्थान दिले. १८५८ साली मुंबईच्या डॉ. हेन्स यांनी या सालीतील कोनेसीन हे द्रव्य वेगळे केले. विसाव्या शतकात कलकत्त्यात डॉ. रामनाथ चोप्रा यांनी आवेवर कुड्याचा अभ्यास केला. अमीबा या सूक्ष्मजंतूमुळे होणाऱ्या रक्ती आवेवर त्याचा परिणाम दिसला, परंतु शुद्ध कोनेसीनचे मज्जासंस्थेवर दुष्परिणामही दिसले. अमीबावर मेट्रोनिडाझोलसारखी खात्रीची औषधे आल्यावर कुड्याचे संशोधन मंदावले. म्हणजे येथे परंपरेचे म्हणणे खोटे ठरले नाही. त्याची जागा अधिक नेमक्या औषधाने घेतली.

याच वर्गात एक सुखद उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातील आहे. बटाटा वर्ज्य असल्याने आपण भाजीत, वेफर्समध्ये कच्चे केळे वापरतो. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० च्या दशकात सान्याल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९८४ साली इंग्लंडमधील संशोधकांनी असे दाखवले की कच्च्या केळ्याच्या पुडीने उंदरांच्या जठराचे व्रणापासून रक्षण होते. पिकलेल्या केळ्यात हा गुण आढळला नाही. मात्र हे उंदरांवरचे निष्कर्ष आहेत. तेव्हा कच्चे केळे आनंदाने खावे. रक्ताची उलटी झाल्यावर त्यावर विसंबू नये.

अडुळशाची गोष्टही अशीच. रक्तपित्तात अडुळशाला परंपरेने मोठा मान दिला आहे. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले आणि ते १९६० च्या दशकापासून जगभर कफ पातळ करण्यासाठी वापरात आहे. म्हणजे अडुळशाचा खोकल्यावरील गुण विज्ञानाने उचलला, रक्त थांबवण्याच्या गुणाची तशी कसून परीक्षा मात्र झाली नाही. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आले. म्हणून गर्भवती भगिनींनी अडुळशाचा रस घेऊ नये.

तिसरा वर्ग नागकेसर, दुर्वा, लाजाळू, मोचरस, डाळिंबाची साल, आमसूल यांचा. यांतील बहुतेकांत तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन्स असतात. ती प्रथिनांशी संयोग पावून त्वचा व श्लेष्मल आवरण आकसून घेतात. गुदद्वाराजवळच्या किरकोळ रक्तस्रावात त्यांचा उपयोग का होत असावा, याचे हे पटण्याजोगे कारण आहे. वैद्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही त्यांच्या बाजूने आहे. परंतु मोठ्या, तुलनात्मक चाचण्यांची कसोटी त्यांना अद्याप लागायची आहे. मूळव्याधीचे रक्त पुष्कळदा आपोआपही थांबते. म्हणून "मी घेतले आणि थांबले" एवढ्याने औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

अशी कसोटी लावता येते आणि आयुर्वेद तीत उतरू शकतो, याचेही उदाहरण आहे. भगंदरावरील क्षारसूत्र चिकित्सेची शस्त्रक्रियेशी तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने घेतली आणि १९९१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने बरे होण्यास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. गुण आणि मर्यादा दोन्ही आकड्यांत मांडल्या गेल्या, म्हणून आज कोणीही शल्यचिकित्सक क्षारसूत्राची थट्टा करीत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील आयुर्वेद संशोधन केंद्रात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी हीच कसोशीची वाट चोखाळली. 'फुलवा' आणि 'वृक्षगान' लिहिणाऱ्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो; वनस्पतींवरील प्रेम आणि पुराव्याचा आग्रह एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आधुनिक वैद्यकाचाही धडा

येथे कोणी असे समजू नये की आधुनिक औषधांना सर्व काही साधले आहे. शल्यक्रिया आणि अपघातांतील रक्तस्रावात उपयोगी पडणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध पोटातील रक्तस्रावातही द्यावे, असे अनेकांना वाटत असे. १५ देशांतील १६४ रुग्णालयांत १२,००९ रोग्यांवर त्याची चाचणी झाली आणि २०२० साली निष्कर्ष आला की त्याने मृत्यू कमी होत नाहीत. उलट शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. तर्काला पटणारे आणि प्रतिष्ठित असलेले औषधही कसोटीवर उतरले नाही, तेव्हा वैद्यकाने ते मान्य केले.

याउलट, मूळ कारण सापडले की काय घडते ते पाहा. ऑस्ट्रेलियातील डॉ. रॉबिन वॉरेन आणि डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवले की जठर व लहान आतड्याच्या बहुसंख्य व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. डॉ. मार्शल यांनी तर १९८४ साली त्या जिवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन प्रयोग केला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जो व्रण "काळजीने, तिखटाने होतो" म्हणून माणसे जन्मभर दूध आणि गोळ्या घेत, तो सुमारे दोन आठवड्यांच्या जंतुनाशक उपचाराने कायमचा बरा होऊ लागला. रक्तस्राव पुन्हा होण्याचा धोकाही त्याने पुष्कळ घटला. हे घडले ते रक्त थांबवण्याचे नवे औषध सापडल्यामुळे नव्हे, तर रक्त का जाते हे कळल्यामुळे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

निळीच्या वर्गातील वनस्पतींपासून चीनमध्ये बनवले जाणारे 'छिंग-दाई' हे पारंपरिक औषध आहे. आतड्याच्या रक्तस्रावी व्रणांवर ते खरोखर गुणकारी असल्याचे जपानमधील चाचणीत दिसले. परंतु ते घेणाऱ्या काही रोग्यांत फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब धोकादायक रीतीने वाढला, जपान सरकारला २०१६ साली इशारा द्यावा लागला आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. ज्यात गुण आहे त्यात दोषही असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा धोका भेसळीचा. आपल्या कोकणातील सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या 'तांबडे नागकेसर' म्हणून बाजारात येतात. खरा नागकेसर हा वेगळ्या वृक्षाच्या फुलातील पुंकेसर आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीच्या जागी काळ्या कुड्याची साल येते. नाव एक आणि वस्तू दुसरी असेल, तर गुणांची चर्चाच व्यर्थ. तिसरा धोका धातूंचा. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. म्हणून वेष्टनावर नाव, घटक आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी घरात येऊ देऊ नये.

आपल्या घरांसाठी काही सूचना

आपल्या जीवनपद्धतीत उपवासाला मोठे स्थान आहे. पर्युषणात, दशलक्षणात, अठ्ठाईत गुडघेदुखी किंवा डोकेदुखीसाठी वेदनाशामक गोळी पारण्याच्या वेळी किंवा रिकाम्या पोटी घेतली जाते. या गोळ्या जठराचे संरक्षक आवरण दुर्बळ करतात आणि पोटातील रक्तस्रावाचे ते एक प्रमुख कारण आहे. ज्यांना पूर्वी व्रण झाला आहे, जे हृदयविकारासाठी अॅस्पिरीन किंवा रक्त पातळ करणारे औषध घेतात, त्यांनी तपाचा संकल्प करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आणि ती औषधे स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. आपल्या शक्तीचा विचार करून तप करावे, असेच आपले मुनिवर्य सांगत आले आहेत.

पुढील लक्षणे दिसली तर कोणतेही घरगुती औषध न देता त्वरित रुग्णालय गाठावे : रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखा काळा मळ, रक्त जाण्याबरोबर चक्कर, घाम, छातीत धडधड किंवा फिकटपणा, यकृताचा विकार असलेल्या व्यक्तीला होणारा रक्तस्राव. अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नये. जुन्या ग्रंथांत सांगितलेले वमन-विरेचन घरी करण्याचा विचारही मनात आणू नये. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दूरध्वनी करताना "रक्ताची उलटी" हे शब्द स्पष्ट उच्चारावेत. आपल्या भागात फुरसे आढळते. फुरशाचा दंश झाल्यावर हिरड्यांतून, लघवीतून, उलटीतून रक्त येऊ लागते. त्यावर प्रतिविष हाच उपाय आहे. झाडपाल्यात एक क्षणही दवडू नये.

चाळिशी-पंचेचाळिशीनंतर प्रथमच शौचावाटे रक्त जाऊ लागले, शौचाची सवय बदलली, वजन घटले, अशक्तपणा आला किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर "मूळव्याधच असणार" असे गृहीत धरू नये. एकदा दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. लवकर सापडलेला आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता मोठी असते. मूळव्याध समजून वर्षभर पुड्या घेतल्यावर ती शक्यता तशीच राहत नाही.

तपासणीत मूळव्याधच निघाली, तर मात्र परंपरेचे दार खुशाल उघडावे. ताक, आमसूल, तंतुमय आहार, इसबगोल, वैद्यांनी पारखून दिलेले नागकेसर किंवा कुडा, वेळेवर जेवण आणि सूर्यास्तापूर्वीचा हलका आहार यांना तेथे नक्कीच स्थान आहे.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती करतो. पन्नास वर्षांच्या या वाटचालीची आठवण म्हणून गावातील रक्तदात्यांची रक्तगटवार सूची तयार करावी, रात्री-अपरात्री रत्नागिरीपर्यंत जाऊ शकेल अशा वाहनाची आणि चालकाची व्यवस्था लावून तो क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा. पोटात जोराचा रक्तस्राव सुरू झालेल्या माणसाला त्या घटकेला कोणत्याही मुळीपेक्षा दुसऱ्या माणसाचे रक्त अधिक उपयोगी पडते. जीवदयेचा याहून थेट अर्थ मला सुचत नाही. आणि घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना एवढे तरी विचारावे : "तुम्हाला असा काही त्रास होतो का?" हा प्रश्न आपण विचारला नाही, तर पुष्कळदा तो कोणीच विचारत नाही.

 बोलण्यात कोणाच्या श्रद्धेला अजाणता धक्का लागला असेल, तर मिच्छामि दुक्कडम्‌. जय जिनेंद्र.